ब्लेड की कॅव्हिटी बॅक? आयर्नचे प्रकार समजून घेताना नेमके काय पाहावे

प्रश्न: मी पुण्यात दोन वर्षांपासून गोल्फ खेळतो. वय ४६, हँडिकॅप २४ (हा आकडा जितका मोठा, तितका खेळ कच्चा). क्लबमधील एका ज्येष्ठ सभासदांकडे फोर्ज्ड ब्लेडचा जुना पण उत्तम स्थितीतला संच आहे आणि तो मला निम्म्याहून कमी किमतीत मिळतो आहे. दुसरीकडे, माझा मेव्हणा दिवाळीला अमेरिकेहून येताना नवा कॅव्हिटी बॅक संच आणू शकतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे नव्या संचाने त्याच्या सात नंबर आयर्नचा चेंडू वीस यार्ड लांब जाऊ लागला. मसल बॅक, हॉलो बॉडी, फोर्ज्ड, कास्ट हे शब्द ऐकून गोंधळ उडाला आहे. यांत नेमका फरक काय, आणि मी काय घ्यावे?

उत्तर: सध्या ब्लेडचा संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र मेव्हण्यांच्या वीस यार्डांवर विसंबून नवा संचही मागवू नये. मी गेली अनेक वर्षे पुण्यात क्लब-फिटिंगचे, म्हणजे गोल्फच्या काठ्या खेळाडूला बसवून देण्याचे, आणि दुरुस्तीचे काम करतो, आणि या काळात चुकीचे आयर्न (क्रमांक असलेले, धातूच्या पातळ हेडचे क्लब) घेऊन आलेले जे खेळाडू मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांनी एक तर कोणाच्या तरी हातात शोभलेला क्लब पाहून खरेदी केली होती किंवा क्लबवर कोरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला होता. आयर्नचा प्रकार निवडायचा तो आपल्या उत्तम फटक्याकडे पाहून नव्हे, तर आपला फसलेला फटका कुठे जाऊन पडतो हे पाहून.

प्रथम शब्दांचा गुंता सोडवू. आपण दिलेल्या शब्दांपैकी मसल बॅक, कॅव्हिटी बॅक आणि हॉलो बॉडी हे शब्द हेडमधले, म्हणजे क्लबच्या खालच्या धातूच्या भागातले, वजन कुठे ठेवले आहे हे सांगतात, तर फोर्ज्ड आणि कास्ट हे दोन शब्द ते हेड कोणत्या कृतीने घडवले हे सांगतात. या दोन वेगवेगळ्या बाबी आहेत. कॅव्हिटी बॅक आयर्न फोर्ज्डही असू शकते आणि कास्टही असू शकते. ‘फोर्ज्ड म्हणजे ब्लेड आणि ब्लेड म्हणजे मोठ्या खेळाडूंचे’ हे समीकरण फार रूढ आहे, पण ते खरे नाही.

ब्लेड, म्हणजेच मसल बॅक, हा सर्वांत जुना घाट आहे. पोलादाचा एकसंध तुकडा, पाठ भरीव, खालच्या बाजूला थोडा फुगवटा, वरची कड पातळ आणि सोल, म्हणजे जमिनीला टेकणारा तळ, अरुंद. यात बहुतेक वजन फेसच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट पृष्ठभागाच्या, मधल्या भागामागे एकवटलेले असते. चेंडू नेमका त्या जागी लागला तर फटका सुरेख जातो, हातात काही लागल्याचे जाणवतसुद्धा नाही. परंतु तो अर्धा इंच टोकाकडे किंवा टाचेकडे सरकला, तर हेड हातात वळते, फेसची दिशा बदलते आणि चेंडूचा वेग उतरतो. शिवाय हॉझलचे, म्हणजे शाफ्ट (क्लबचा दांडा) ज्या नळीत बसतो तिचे, वजन टाचेकडच्या बाजूला असल्यामुळे ब्लेडचा खरा स्वीट स्पॉट डोळ्यांना दिसणाऱ्या मध्यापेक्षा थोडा टाचेकडे असतो. नवशिक्या खेळाडूचा चेंडू बहुधा टोकाकडे लागतो, म्हणजे चूक आणि स्वीट स्पॉट यांतले अंतर दिसते त्याहून अधिक असते.

कॅव्हिटी बॅकची कल्पना कार्स्टन सोल्हाइम या नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या अभियंत्याने रुजवली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करत असताना १९५९ मध्ये त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये पहिला पटर, म्हणजे चेंडू होलकडे हळूच ढकलण्याचा क्लब, बनवला. त्याच्या आवाजावरून त्यांच्या मालाला ‘पिंग’ हे नाव पडले. वजन मध्यात न ठेवता दोन्ही टोकांना वाटले तर हेड वळण्याला विरोध करते, हे तत्त्व त्यांनी आधी पटरमध्ये आणि मग आयर्नमध्ये आणले. डोंबाऱ्याचे पोर दोरीवरून चालताना हातात लांब काठी धरते, त्यामागचे शास्त्र हेच आहे: वजन मध्यापासून जितके दूर, तितके ते वळवणे अवघड. शाळेच्या पुस्तकात यालाच जडत्व आघूर्ण म्हणतात, आणि क्लबच्या जाहिरातीत ज्याला एमओआय म्हणतात तेही हेच. आयर्नच्या पाठीचा मधला भाग कोरून काढला, ते वजन कडांना, विशेषतः खाली आणि दोन्ही बाजूंना नेले, की कॅव्हिटी बॅक तयार होते. १९८२ मध्ये आलेल्या पिंग आय टू या संचाने हा घाट जगभर नेला आणि त्यानंतर हौशी खेळाडूंच्या बॅगेतून ब्लेड हळूहळू कमी होत गेले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कॅव्हिटी बॅक आयर्न चांगला फटका अधिक चांगला करत नाही; ते वाईट फटक्याचे नुकसान कमी करते. टोकाला लागलेला चेंडू ब्लेडने समोरच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) पडेल, तोच कॅव्हिटी बॅकने कदाचित ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताच्या, कडेपर्यंत पोहोचेल.

आपल्याला यातले किती साहाय्य हवे आहे, हे ओळखण्यासाठी एक साधी चाचणी स्वतःच करता येते. व्हाइटबोर्डचा मार्कर घेऊन सात नंबरच्या फेसवर रंग द्यावा आणि रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चेंडू मारावा. चेंडू जिथे आपटतो तिथला रंग निघून स्पष्ट ठसा उमटतो. प्रत्येक फटक्यानंतर ठशाचा मोबाइलवर फोटो घ्यावा, फेस पुसून पुन्हा रंग द्यावा. असे वीस फटके झाले की सगळे फोटो एकत्र पाहावेत. माझ्या कामाच्या टेबलावर सध्या दोन जुनी सात नंबर आयर्न आहेत. एक अशा व्यावसायिक खेळाडूचे आहे जो रोज तीनशे चेंडू मारतो. त्याच्या फेसवर मध्यभागी रुपयाच्या नाण्याएवढा एकच गोल झिजलेला आहे, आणि त्या गोलाबाहेरच्या रेघा अजून नव्यासारख्या आहेत. दुसरे आपल्यासारख्याच एका हौशी खेळाडूचे आहे. त्याच्या फेसवर टाचेपासून टोकापर्यंत आणि खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत सर्वत्र ओरखडे विखुरलेले आहेत. पहिल्या खेळाडूला ब्लेडपासून काही धोका नाही. दुसऱ्याला आहे, आणि २४ हँडिकॅपवर आपले ठसे बहुधा दुसऱ्या फेससारखेच उमटतील.

आता फोर्जिंग आणि कास्टिंग. फोर्ज्ड हेड मऊ कार्बन स्टीलची कांडी तापवून, साच्यात दाबून आणि मग घासून-तासून बनवतात. कास्ट हेडसाठी आधी मेणाची प्रतिकृती करतात, तिच्यावर सिरॅमिकचे कवच चढवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत वितळलेले स्टेनलेस स्टील ओततात. आपल्याकडे पंचधातूच्या मूर्ती ज्या मधूच्छिष्ट पद्धतीने घडवतात, तीच ही रीत. कास्टिंगने गुंतागुंतीचे आकार, खोल पोकळ्या, पातळ भिंती सहज साधतात आणि खर्चही कमी येतो, म्हणूनच कॅव्हिटी बॅकचा प्रसार कास्टिंगच्या आधाराने झाला.

फोर्ज्ड आयर्नच्या ‘फील’विषयी पुष्कळ बोलले जाते. माझ्या अनुभवात त्या फीलचा मोठा वाटा हाताला नव्हे तर कानाला असतो: मऊ, बसका आवाज आला की हातालाही मऊ लागल्यासारखे वाटते. फोर्ज्डचा जो फायदा मी निर्विवाद मानतो तो वेगळाच आहे. मऊ कार्बन स्टीलचा हॉझल लाय-लॉफ्ट मशीनमध्ये, म्हणजे शाफ्ट आणि फेस यांचे कोन बदलणाऱ्या यंत्रात, धरून दोन अंश सहज वाकवता येतो, म्हणजे क्लब आपल्या अंगकाठीला बसवून घेता येतो. कास्टिंगसाठी वापरले जाणारे काही स्टेनलेस स्टील इतके कडक असते की एका अंशाच्या पुढे जाणे धोक्याचे असते. पूर्वी एका ग्राहकाच्या आग्रहाखातर मी अशा एका आयर्नला अडीच अंश वाकवायला गेलो आणि हॉझल मुळापासून तडकला. ते हेड भरून द्यावे लागले ते द्यावेच लागले, पण त्या दिवसापासून धातू कोणता आहे हे कळल्याशिवाय मी मशीनच्या दांड्याला हात लावत नाही. उलट बाजूने, कार्बन स्टील गंजते. त्यावर क्रोमचा मुलामा असतो खरा, पण वाळूने तो सोलवर झिजतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत खेळणाऱ्यांनी फोर्ज्ड आयर्न ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नये.

हॉलो बॉडी हा तुलनेने अलीकडचा प्रकार. बाहेरून ते ब्लेडसारखे सडपातळ दिसते, पण आत पोकळ असते. पुढे पातळ, चिवट पोलादाचा फेस, मागे वेगळी भिंत, आणि पुष्कळदा मधल्या पोकळीत आवाज व कंप शोषण्यासाठी पॉलिमर भरलेले. खाली टोकाकडे टंगस्टनचे तुकडे बसवतात, कारण टंगस्टन पोलादाच्या जवळजवळ अडीचपट घन असते आणि थोड्याशा जागेत पुष्कळ वजन देते. त्यामुळे हॉझलकडे ओढला गेलेला स्वीट स्पॉट पुन्हा मध्यावर आणता येतो. २०१७ मध्ये आलेल्या टेलरमेड पी७९० नंतर हा प्रकार मध्यम हँडिकॅपच्या खेळाडूंत विशेष लोकप्रिय झाला. माझे मत असे की लांब आयर्नसाठी, म्हणजे चार-पाच नंबरसाठी, हॉलो बॉडी फार उपयुक्त आहे. पण नऊ नंबर आणि पिचिंग वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) यांत लवचीक फेसची मला गरज दिसत नाही. त्या अंतरावरून आपल्याला चेंडू लांब न्यायचा नसतो, ठरल्या जागी थांबवायचा असतो.

यावरून मी मेव्हण्यांच्या वीस यार्डांकडे येतो, कारण आपल्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तिथे आहे. आयर्नवरचा आकडा हे मोजमाप नाही. पूर्वी आयर्नना आकडे नव्हतेच, मॅशी, निब्लिक, क्लीक अशी नावे होती. जुळणीचे संच विकले जाऊ लागले तेव्हा सोयीसाठी आकडे आले. सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा कल, किती अंश असावा असा कोणताही नियम गोल्फच्या नियमावलीत नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या संचांत सात नंबर साधारण ३६ अंशांच्या आसपास असे. आजच्या ब्लेडमध्ये तो ३४ च्या जवळपास असतो, आणि नवशिक्यांसाठीच्या कॅव्हिटी बॅक संचांत २८ ते ३० अंश. म्हणजे मेव्हण्यांच्या हातात ‘सात’ लिहिलेले जे आयर्न आहे, ते जुन्या हिशोबाने पाच किंवा सहा नंबर आहे. शाफ्टही थोडा लांब असतो. चेंडू लांब जाणारच.

यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. वजन खाली आणि मागे नेले की चेंडू आपोआप उंच उडतो, आणि जुना लॉफ्ट ठेवला तर तो नको इतका उंच जाईल, म्हणून लॉफ्ट कमी करण्याला तांत्रिक कारण आहे. परंतु त्याचे दोन परिणाम खेळाडूने समजून घेतले पाहिजेत. एक म्हणजे कमी लॉफ्टचा चेंडू कमी फिरकीने उतरतो आणि ग्रीनवर पडल्यावर अधिक घरंगळतो. मे महिन्यात ग्रीन कडक झालेल्या असताना हा फरक मोठा होतो. दुसरा परिणाम वेजच्या बाबतीत. अशा संचातल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट ४३ ते ४४ अंशांवर आलेला असतो, आणि आपल्या बॅगेतला सँड वेज ५६ अंशांचा असतो. मध्ये १२-१३ अंशांची पोकळी राहते, जिथे पूर्वीच्या संचात ती सातएक अंशांची असे. याचा अर्थ असा की ८० ते ११० यार्डांमध्ये कुठेतरी आपल्याकडे पूर्ण फटक्याचा क्लबच उरत नाही, आणि हौशी खेळाडूला तर ग्रीनकडचा फटका पुष्कळदा याच अंतरावरून मारावा लागतो. नवा संच घ्यायचा झाल्यास ४९-५० अंशांचा गॅप वेज त्याच्यासोबतच घ्यावा. बॅगेत एकूण १४ क्लबचीच मर्यादा असल्याने त्यासाठी जागा करावी लागेल, तर तीन आणि चार नंबर आयर्न खुशाल वगळावीत. त्यांच्या जागी एक हायब्रिड, म्हणजे लांब आयर्नऐवजी वापरायचा जाड हेडचा क्लब, पुरते. कमी लॉफ्टचे लांब आयर्न उंच उडवायला जो वेग लागतो, तो आपल्यापैकी फार थोड्यांच्या हातात असतो.

सोलची रुंदी हा विषय विक्रेत्यांच्या बोलण्यात क्वचित येतो, पण आपल्याकडच्या जमिनीवर तो निर्णायक ठरतो. बऱ्याच कोर्सवर हरळीच्या जातीचे गवत आहे, आणि त्याखालची जमीन वर्षातून दोनदा रूप बदलते. जुलै-ऑगस्टमध्ये चेंडूच्या दोन बोटे मागे क्लब टेकला, तर ब्लेडची अरुंद कड चिखलात रुतून बसते आणि चेंडू वीस पावलांवर पडतो. रुंद सोल तिथे घसरून पुढे जातो आणि फटका निभावतो. एप्रिल-मेमध्ये मात्र तोच फार रुंद, गोलसर सोल तापलेल्या कडक जमिनीवर आपटून उसळतो, आणि क्लबची खालची कड चेंडूच्या पोटात बसते. मग चेंडू जमिनीला चिकटून ग्रीनपलीकडे सुसाट जातो. ज्याला बारा महिने इथेच खेळायचे आहे, त्याने अतिरुंद सोलचा संच टाळून मध्यम रुंदीचा सोल घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो. अमेरिकेतल्या सिंचित, मऊ फेअरवेवर आवडलेला क्लब इथल्या उन्हाळ्यात तसाच वागेल, हे गृहीत धरू नये.

ऑफसेटबद्दल थोडक्यात. काही आयर्नमध्ये फेसची पुढची कड हॉझलच्या किंचित मागे ठेवलेली असते. त्यामुळे फेस सरळ व्हायला क्षणभर अधिक अवधी मिळतो आणि चेंडू उजवीकडे वळण्याची खोड थोडी आवरते. आपला चेंडू उजवीकडे जात असेल तर ऑफसेट उपकारक आहे. आधीच डावीकडे जात असेल तर तो नको.

शाफ्टच्या बाबतीत मी एवढेच सुचवीन की जुन्या ब्लेडच्या संचात बहुधा १२५-१३० ग्रॅमचे जड स्टील शाफ्ट असतात. शनिवारी सकाळी पहिल्या नऊ होलपर्यंत ते चालून जातात, पण चौदाव्या-पंधराव्या होलला हात जड होऊ लागतात आणि क्लब मागे राहतो. आपल्यासाठी ९५ ते १०५ ग्रॅमचे स्टील शाफ्ट पुरेसे होतील. खांदा किंवा कोपर दुखत असेल तर ग्राफाइटचा विचार निःसंकोच करावा. ते केवळ महिलांसाठी किंवा वृद्धांसाठी असते, ही समजूत सोडून द्यावी.

मग ब्लेड कोणी घ्यावे? ज्याचे ठसे नाण्याएवढ्या जागेत पडतात, ज्याला चेंडूची उंची आणि वळण हेतुपुरस्सर बदलायचे असते, त्याने. आणि अशा खेळाडूंतही आता पुष्कळ जण, अगदी व्यावसायिकसुद्धा, आठ नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत ब्लेड आणि त्याहून लांब आयर्नसाठी कॅव्हिटी बॅक किंवा हॉलो बॉडी असा मिश्र संच वापरतात. ‘ब्लेडने खेळले की हात सुधारतो’ हा सल्ला आपल्याला त्या ज्येष्ठ सभासदांकडून मिळाला असण्याची शक्यता आहे. त्यामागची भावना चांगली आहे, पण आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या माणसाच्या बाबतीत मी तसे घडताना पाहिलेले नाही. हात सुधारतो तो शिकवणीने आणि सरावाने. ब्लेडने केवळ चुकीची शिक्षा वाढते, आणि शिक्षेच्या धाकाने खेळाडू फटका अर्धवट मारू लागतो. हवे तर त्या संचातले एकटे आठ नंबर मागून घ्यावे आणि रेंजवर सरावासाठी ठेवावे. चेंडू मध्यावर लागला की नाही, हे ते आपल्याला लगेच सांगेल.

आपल्यासाठी माझी निवड अशी आहे: मध्यम आकाराच्या हेडचा, मध्यम सोलचा, थोड्या ऑफसेटचा कॅव्हिटी बॅक संच, सहा नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत, आणि त्याच मालिकेतला गॅप वेज. मेव्हण्यांना केवळ कंपनीचे नाव कळवू नका. सात नंबरचा लॉफ्ट ३० ते ३२ अंशांचा, पिचिंग वेज ४४-४५ अंशांचा, शाफ्ट रेग्युलर फ्लेक्सचा (मध्यम लवचीकतेचा) आणि सुमारे शंभर ग्रॅमचा, असे लिहून कळवा. हे आकडे प्रत्येक कंपनी आपल्या तक्त्यात छापते, ते त्यांना दुकानात दोन मिनिटांत पडताळता येतील. हेड कोणत्या स्टीलचे आहे तेही विचारून घ्यायला सांगा, कारण पुढे लाय, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी असलेला कोन, बदलायची वेळ आली तर ते कळलेले बरे.

आणि ती वेळ बहुधा येईलच. संच आल्यावर महिनाभर खेळा, मग चेंडूवर मार्करने एक जाड उभी रेघ ओढा, ती रेघ फेसच्या बाजूला येईल असा चेंडू ठेवा आणि सात नंबरने मारा. फेसवर उमटलेली रेघ ग्रूव्हजना, म्हणजे फेसवर कोरलेल्या आडव्या रेघांना, काटकोनात असेल तर लाय बरोबर आहे. तिचे वरचे टोक क्लबच्या टोकाकडे झुकले असेल, तर क्लब आपल्यासाठी अधिक उभा आहे, टाच आधी टेकते आहे आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जाणार. रेघ टाचेकडे झुकली असेल तर याच्या उलट. असे पाच-सहा ठसे घेऊन, त्यांचे फोटो काढून, क्लब वाकवणाऱ्याकडे जा. एका ठशावरून कोणालाही मशीन चालवू देऊ नका.